पाचवी बरणी

मेगनसमोर स्टीलची ताटली ठेवली. डॉक्टरकाकांसमोर स्टीलची ताटली. काकूंची स्वतःची स्टीलची ताटली. माझ्यासमोर कागदी प्लेट.

पोहे सगळ्यांना एकाच कढईतले. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. प्लेट पातळ होती आणि पोहे गरम. मधला भाग तेलानं ओला होऊन खाली वाकायला लागला. मी डावा हात प्लेटखाली धरला आणि उजव्या हातानं खात राहिले. मी चौदा वर्षांची होते. कॅनडात येऊन पाच वर्षं झाली होती.

आदल्या संध्याकाळी त्याच टेबलावर, त्याच घरच्या स्टीलच्या ताटात मी वरणभात जेवले होते. म्हणजे ताटं कमी पडली होती असं नाही. सिंकशेजारी ताटल्यांची चवड दिसत होती. मी खाता खाता मोजली. सहा होत्या.

खाणं झाल्यावर मेगन, माझ्याच टीममधली, उठली आणि सगळ्यांच्या ताटल्या घेऊन स्वयंपाकघरात गेली. तसा नियमच होता, ज्यांच्या घरी उतरायचं त्यांची भांडी घासायची. मीही उठले. काकू दारात आल्या. दारच अडवलं म्हणा.

"तू नको हं. तू बस. प्लेट तेवढी गॅरेजमधल्या गार्बेजमध्ये टाकून ये."

मी म्हणाले, "थँक यू काकू. पोहे छान होते."

हे मी म्हणाले. कुणी म्हणायला लावलं नाही. आज मी चाळिशीला आले आहे आणि त्या कागदी प्लेटपेक्षा ते थँक यू मला जास्त टोचतं.

मी त्या घरात कशी पोचले ते सांगते. आमचं गाव ओटावापासून दोन तासांवर. एक चीज फॅक्टरी, एक ग्रोसरी, एक हायस्कूल. बाबा फॅक्टरीत मशीन दुरुस्त करायचे, आई पॅकिंगला उभी असायची. अशाच पाच लहान गावांतल्या पाच शाळांनी मिळून खेळांची एक कॉन्फरन्स चालवली होती. मोठ्या शहरांतल्या शाळा आमच्याशी खेळायला तयार नसत, आमच्यात कधीकधी टीमपुरत्या मुलीही नसत. म्हणून पाचही शाळा एकमेकींशीच खेळायच्या. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन. जिंकणाऱ्याला चषक नव्हता, दुधाचा जुना पत्र्याचा कॅन होता. पोचे आलेला, निळा रंगवलेला. तो कॅन आपल्या शाळेत यावा म्हणून मोठी माणसं बाकांवर उभी राहून ओरडायची.

या कॉन्फरन्सची एक रीत होती. फार पूर्वी एकदा मॅच संपल्यावर बर्फ इतका पडला की पाहुण्या शाळेची पिवळी बस निघेना. गावातल्या शेतकऱ्यांनी मुलं वाटून घेतली, दोन या घरी, तीन त्या घरी. तेव्हापासून नियमच झाला. फेब्रुवारीतली मोठी टूर्नामेंट दोन दिवसांची, आणि पाहुणी मुलं हॉटेलात नाही, गावातल्या घरांत राहणार. त्याला बिलेट म्हणायचं. आणि जाताना आपल्या घरचं काहीतरी बरणीत न्यायचं. कुणी जॅम न्यायचं, कुणी मेपल सिरप, कुणी व्हिनेगरमधलं बीट.

टूर्नामेंट दरवर्षी एकाच शाळेत व्हायची, कारण दोन जिम तिथेच होत्या. त्या गावात एक मराठी डॉक्टर दांपत्य होतं. माझ्या जन्माआधीपासूनचं. अर्ध्या गावाचं बाळंतपण त्यांनी केलं होतं. आमचे कोच डग यांनी यादीत माझं नाव त्यांच्यापुढे लिहिलं आणि मोठ्या आनंदानं मला सांगितलं. "यू विल फील राइट ॲट होम!"

आईला तर हर्ष झाला. मराठी घर! दोन तासांच्या परिसरात दुसरं मराठी घर आम्हाला ठाऊक नव्हतं. तिनं लिंबाचं लोणचं घातलं. आमच्या ग्रोसरीत लिंबं जाळीच्या पिशवीत चार-चार मिळायची, तिनं सगळ्या पिशव्या उचलल्या. फेब्रुवारीत ऊन कुठलं? आई बरणी उन्हामागे हलवायची. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत, दुपारी जिन्यातल्या, संध्याकाळी बाथरूमच्या. शिफ्टला जाताना मला बजावून जायची, शाळेतून आल्या आल्या बरणी सरकव. तीन आठवडे आमच्या घरात त्या बरणीचीच बडदास्त चालली होती. शेवटी तोंडाला तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा लावला आणि लाल दोरा बांधला.

काकूंनी दारातच दोरा सोडला, बोट बुडवून चाखलं. "अय्या, अगदी आपल्या पद्धतीचं! आईनं घरी केलं?"

मी फुगले. नऊ वर्षांची असताना सुटलेलं सगळं परत मिळाल्यासारखं वाटलं. त्या घराला हिंगाचा वास होता, भिंतीवर कालनिर्णयासारखं कॅलेंडर होतं. जेवताना काकू विचारत होत्या आणि मी पोपटासारखी बोलत होते. नागपूर. हो, आजी तिथेच असते. हो, मला मराठी लिहिता येतं, आजीला पत्रं मीच लिहिते.

"गणपती बसवता का गं इकडे?"

"नाही काकू. आमच्याकडे बुद्धवंदना असते. नागपूरला होतो तेव्हा दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचो. मी बाबांच्या खांद्यावर बसायचे!"

हे मी अभिमानानं सांगितलं. मला वाटलं, मराठी माणसाला हे सांगताना मजा येईल, इथे समजावून सांगायला लागत नाही.

काकू म्हणाल्या, "हो का. छान छान." मग भात वाढला. चमचा उंच धरला आणि भात वरून ताटात पडला. काका ताटाकडे बघून जेवत राहिले. बाकी काही झालं नाही. कुणी एक वाईट शब्द बोललं नाही. माझी जात त्यांनी विचारली नाही, ती त्यांना आपोआप कळली.

सकाळी कागदी प्लेट.

गॅरेजमध्ये थंडी मी म्हणत होती. मी गार्बेजच्या डब्याचं झाकण उचललं. आत आईची बरणी होती. भरलेली. हिरवा तुकडा तिच्याच बाजूला, लाल दोऱ्यासकट. एक बोट लोणचं कमी झालं होतं, ते काकूंनी दारात चाखलेलं.

मागून मेगनच्या बुटांचा आवाज आला. ती हात पुसत येत होती. मी काय केलं? बरणी उचलली नाही. ओरडले नाही. हातातली तेलकट प्लेट नीट उलगडली आणि बरणीवर पालथी घातली. मेगनला दिसू नये म्हणून. त्यांनी टाकलं आणि मी झाकलं.

मेगन म्हणाली, "लकी! यू डिडन्ट हॅव टू डू द डिशेस."

मी हसले.

त्या दिवशी आम्ही हरलो. माझ्या सर्व्हिस नेटमध्ये गेल्या, एकामागून एक. डग म्हणाले, झोप नीट झाली नसेल. मी म्हणाले, हो.

घरी आई दारातच उभी होती. "लोणचं आवडलं काय त्याईले?"

"हो. खूप."

इथे थांबायला हवं होतं. पण तिचा चेहरा असा होता की मी पुढे बोलले, "पुढच्या वर्षी पण पाठवा म्हणाल्या."

झालं. पुढची तीन वर्षं फेब्रुवारी आला की लिंबं. खिडक्या. हिरवा तुकडा. लाल दोरा. मी डगना सांगून मेगनच्या मावशीकडे बिलेट मागून घेतलं होतं, पण आईला काय सांगणार? बरणी घेऊन निघायचे. पहिल्या वर्षी गॅस स्टेशनच्या वॉशरूममधल्या डब्यात टाकली. दुसऱ्या वर्षी शाळेच्या मागच्या मोठ्या कचराकुंडीत. तिसऱ्या वर्षी मी टीमची कॅप्टन होते, आम्ही निळा कॅन जिंकला, आणि सगळ्या आत नाचत होत्या तेव्हा मी जिमच्या मागे जाऊन बर्फात बरणी पालथी केली. पिवळा डाग पसरला. तो बुटानं बर्फ ओढून झाकला. झाकण्यात मी तोवर तरबेज झाले होते.

बरण्या सांगून झाल्या, आता पुढचं सांगते. ते जास्त वाईट आहे.

वॉटर्लूला युनिव्हर्सिटीत गेले. तिथे मराठी मुलं पुष्कळ. आडनाव विचारलं की मी बाबांचं नाव सांगायचे. तेच आडनाव म्हणून लावायला लागले, तेच नोकरीत चाललं. आज शाळेतली मुलं मला मिस म्हणून ज्या नावानं हाक मारतात ते माझ्या बाबांचं पहिलं नाव आहे. एकदा एका मुलीनं विचारलं, तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा? मी म्हणाले, दीड दिवसाचा. पटकन, सराईतासारखं. ती म्हणाली, आमच्याकडे पण! आणि तिनं मला तिच्या ताटलीतला मोदक दिला. तो मी खाल्ला. गोड लागला, हेही सांगते.

कागदी प्लेटमध्ये मात्र मी परत कधी जेवले नाही. पिकनिक असो, स्टाफ पार्टी असो, बॅगेत माझा डबा असतो. लोकांना वाटतं मी पर्यावरणवादी आहे. शाळेनं मला त्याबद्दल एक सर्टिफिकेटसुद्धा दिलं आहे. मी ते हसून घेतलं आणि स्टाफरूममध्ये लावू दिलं.

मी आमच्याच शाळेत खेळाची शिक्षिका झाले. बाबा गेले, आई माझ्याकडे आली. आणि यंदा पाचातल्या दोन शाळा बंद होणार असं ठरलं. मुलंच उरली नाहीत. दोन शाळा गेल्या की कॉन्फरन्स गेली. डग आता रिटायर झालेत, पण कमिटीत तेच. म्हणाले, शेवटचं सपर करू, पाचही शाळा एकत्र जेवू, टूर्नामेंटच्या जिममध्ये. आणि कॉन्फरन्सचा इतिहास छापू. लिहिणार कोण? तू.

मी लिहिला. जीव ओतून लिहिला. शाळांच्या बेसमेंटमधून स्कोअरबुकं काढली, म्हाताऱ्या कोचना फोन केले. बर्फात अडकलेल्या बसची गोष्ट तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितली, तिन्ही घातल्या. निळा कॅन एकदा ट्रकखाली आला होता, ते घातलं. बिलेट देणाऱ्या घरांचं एक पान केलं. डगनी यादी पाठवली होती, डॉक्टरांच्या नावापुढे त्यांनी चांदणी काढली होती. सगळ्यात जास्त वर्षं मुली ठेवून घेणारं घर.

आणि मी लिहिलं, इंग्रजीत, सुंदर: या घराने प्रत्येक मुलीला लेकीसारखं वागवलं.

मी लिहिलं हे. मुख्याध्यापकांनी नाही, डगनी नाही. वाक्य दोनदा सुधारलं, अधिक गोड व्हावं म्हणून.

आईला इंग्रजी वाचायला वेळ लागतो. म्हणाली, मले मराठीत सांग काय लिहिलं ते. एका रविवारी मी स्वयंपाकघरात बसून पान पान सांगत गेले. त्या पानावर आले. एक पान गाळायला काय झालं होतं? पण तोंड चालू राहिलं आणि तेही सांगून मोकळी झाले. आई ऐकून उठली, कॅलेंडरपाशी गेली.

"सपरले किती दिवस हायेत? काकूले माझ्या हातानं बरणी देतो. इतक्या वर्षात एकदा भेटलीसुद्धा नाही मी त्याईले."

दुसऱ्या दिवशी लिंबं आली. आता ग्रोसरीत लिंबं हवी तेवढी मिळतात. आईचे गुडघे गेलेत, पण बरणी हलवायचीच. सकाळी स्वयंपाकघरात, दुपारी जिन्यात. मी शाळेतून यायचे तेव्हा ती जिन्याच्या कठड्याला धरून, एका हातात बरणी घेऊन एकेक पायरी चढत असायची. "मी सरकवते आई." "राहू दे वं. तुले घाई असते."

मजकूर छापायला जायच्या आदल्या दुपारी ती टेबलाशी बसून दोरा बांधत होती. कापड हिरवंच. ते लुगडं अजून संपलं नव्हतं. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. ताटली, प्लेट, गॅरेज. मग गॅस स्टेशन, कचराकुंडी, बर्फ. मला वाटलं ती रडेल, मला जवळ घेईल. खोटं कशाला बोलू, तेच हवं होतं मला.

आई दोरा धरून बसली. मग म्हणाली,

"त्याईनं एक फेकली. तू तीन फेकल्या."

तिनं दोरा खाली ठेवला.

"त्याईचं मी समजू शकतो. जिंदगीभर पाह्यलं तसं. तुयं काहून?"

आणि उठून खोलीत गेली. बरणी टेबलावर तशीच होती, अर्धा दोरा बांधलेली. मला लाज वाटली. आधी वाटायची ती लाज नव्हे. आधी मला आम्ही कोण आहोत याची लाज वाटायची, आणि मी समजायचे की मला काकूंच्या वागण्याची लाज वाटते. त्या दुपारी पहिल्यांदा माझी वाटली. त्या घरात माझ्या आईच्या हातचं एकदा टाकलं गेलं. त्यानंतर त्यांचं काम मी पुढे चालवलं, फुकट, इमानदारीनं.

मी लॅपटॉप उघडला. ते पान पुसलं. परत लिहिलं. टूर्नामेंटच्या गावात एक मराठी घर होतं. तिथे माझ्याबरोबरच्या मुलीला स्टीलची ताटली दिली, मला कागदी. कारण माझी जात. बरणी कचऱ्यात टाकली. मी थँक यू म्हणाले. मग मी आईच्या तीन बरण्या स्वतः फेकल्या आणि वीस वर्षं माझं आडनाव लपवलं. घराचं नाव लिहिलं नाही. खाली माझं लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. आणि डगना पाठवलं.

डगचा फोन तासाभरात आला. आवाज खाली गेलेला. "आय हॅड नो आयडिया. आय ॲम सो सॉरी." मग घसा साफ केला. "पण हे सेलिब्रेशन आहे. तिचे मिस्टर गेले. शी इज एटी-फोर. आपण ते घरच गाळू या का? नो मेन्शन ॲट ऑल."

माणूस चांगला आहे. चांगल्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं, म्हणून तर मी इतकी वर्षं सगळ्यांना हो म्हणत आले.

"नो," मी म्हणाले. "ते पान राहील. नाहीतर पुस्तकच घेऊ नका. हा इतिहास आहे ना? मग हे झालेलं आहे."

पान राहिलं.

सपर शनिवारी संध्याकाळी होतं. आई येईल असं वाटलं नव्हतं. ती कोट घालून दारात उभी राहिली, हातात पिशवी. गाडीत ती पिशवी मांडीवर धरून बसली. जिममध्ये लांब टेबलं, मधोमध निळा कॅन, टेबलांवर बरण्याच बरण्या. पुस्तकांचा गठ्ठा अजून फोडायचा होता. काकू पुढच्या टेबलाशी, वॉकर शेजारी. शाल पांघरलेली, केस पांढरेशुभ्र. मला बघून चेहरा उजळला. मी त्यांना आठवत नव्हते.

"अय्या, मराठी का? इकडे ये ना, बस. आडनाव काय गं तुझं?"

तोच प्रश्न, त्याच प्रेमळ सुरात. जिभेवर बाबांचं नाव आलंच होतं, सवयीनं. ते गिळलं. आडनाव सांगितलं. नागपूर, इंदोरा. आम्ही बौद्ध. चौदा वर्षांची असताना तुमच्याकडे उतरले होते. तुम्ही मला पोहे कागदी प्लेटमध्ये दिलेत. ही माझी आई. तुम्ही फेकलेलं लोणचं हिनं केलेलं होतं.

काकूंचा हात शालीत गेला. इकडे तिकडे पाहिलं, कुणाला मराठी कळतं का. मग हळू म्हणाल्या, "तेव्हा सासूबाई होत्या गं घरात. त्यांचं सोवळं फार. तू लहान होतीस, उगाच मनाला लावून घेतलंस."

"सासूबाई नव्हत्या, काकू. टेबलाशी आपण चौघंच होतो. आणि मेगन बसमध्ये बीफचं सँडविच खाऊन आली होती. तिला स्टीलची ताटली चालली."

त्यांनी शाल ओढून घेतली. मी वाट पाहिली. म्हातारं माणूस आहे, असं मनात आलंच, आणि तरी मी तिथून हलले नाही.

आईनं पिशवीतून बरणी काढली. मला वाटलं, देते की काय. तिनं दोरा सोडला, हिरवं कापड घडी करून पर्समध्ये ठेवलं, बरणी लांब टेबलावर नेली आणि जॅम आणि बिटांच्या मधे उघडी ठेवली. चमचा घातला. डग पहिले आले. एक फोड तोंडात टाकली, डोळ्यात पाणी आलं, आणि अजून एक घेतली. काकूंकडे आईनं एकदाही पाहिलं नाही.

तिनं मला माफ केलेलं नाही. आज चार महिने झाले, लोणच्याचा विषय निघाला की ती उठून जाते. जाऊ दे. माफी मागण्याजोगं मी केलंय आणि ती देणं न देणं तिच्या हातात आहे. शाळेत मी नाव बदलायचा अर्ज दिला. मुलं नवं आडनाव अडखळत म्हणतात, मी परत म्हणायला लावते. स्टाफरूममधलं ते सर्टिफिकेट मी काढलं आणि कागदी प्लेटचं खरं कारण सांगितलं.

परवा ओटावाला एका मराठी घरी जेवायला बोलावलं होतं. पुण्याकडचं जोडपं, दोघं टेकमध्ये, स्वभावानं मोकळे. बसायच्या आधी त्यानं हसत विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही? आडनाव?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं. मग खुर्ची ओढली, बसले, आणि म्हणाले, "आता वाढा. कशात वाढता ते मी बघणार आहे."